आडवा हात

बाळाकाका परबांच्या घरी कधी जेवायला जायची वेळ आली, तर निघण्यापूर्वी पानावर आडवा हात धरायचा थोडा सराव करून जा. त्याचा उपयोग होत नाही, पण आपण प्रयत्न केला एवढं समाधान राहतं. मी गेली अकरा वर्षं त्यांचा शेजारी आहे. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची सोसायटी; चौथा मजला, दारासमोर दार. या अकरा वर्षांत मी त्यांच्यासमोर एक हात आडवा धरून पाहिला, दोन्ही धरून पाहिले, ताट उचलून छातीशी घेतलं, आणि एकदा तर ताटावर रुमाल पसरला. रुमालावर दोन पुऱ्या आल्या.

काकांचं नाव खरोखरच बाळा. लाडाचं नाही, आधार कार्डावरचं. अडुसष्टाव्या वर्षी बँकेत "बाळा कोण आहे?" असा पुकारा झाला की ते गंभीर चेहऱ्याने उठून उभे राहतात आणि रांगेतली माणसं त्यांच्या मागे कोणी लहान मूल आहे का ते बघतात. मालवणाकडच्या एका गावातून ते विसाव्या वर्षी मुंबईत आले ते वडिलांच्या जागी गिरणीत लागायला. सहा वर्षांत गिरणीच बंद पडली. गाववाला म्हणाला, "चार दिवस लग्नात वाढायला ये. पोटाची तरी सोय होईल." ते चार दिवस पस्तीस वर्षं चालले. दादरपासून दहिसरपर्यंत असा हॉल नसेल, जिथे बाळा परबांनी पंगतीत वाकून "अजून एक घ्या हो" म्हटलेलं नाही.

वाढपी म्हणजे नुसतं भांडं घेऊन फिरणारा माणूस, असं आपल्याला वाटतं. काकांच्या मते ती नजरेची विद्या आहे. पन्नास पानांच्या पंगतीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पानातली कोशिंबीर संपत आली आहे, हे त्यांना दिसायचं. आडव्या हाताचाही त्यांचा अभ्यास आहे. "बोटं फाकलेली असली तर माणसाला हवं असतं," ते सांगतात. "बोटं मिटलेली असली तर हवं असतं, पण बायको बघत असते. ज्याला खरंच नको असतं तो हात धरत नाही रे, तो उठून हात धुवायला जातो."

मग बुफे आला. काकांना टेबलामागे डाव हातात देऊन उभं केलं. चार लग्नं त्यांनी कशीबशी काढली. पाचव्या लग्नात ते टेबल सोडून जिलब्यांचं ताट घेऊन पाहुण्यांच्या मागे फिरताना सापडले, आणि निवृत्त झाले. पण हात निवृत्त झाला नाही. आजही ते पॅसेजमधून जरा वाकून, डावा हात कुशीत भांडं असल्यासारखा धरून चालतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण त्यांची नात स्वरदा. वय साडेपाच, सिनियर केजी.

गणपतीनंतर परबकाकी लेकीच्या बाळंतपणासाठी सावंतवाडीला गेल्या आणि स्वरदाच्या दुपारी काकांच्या ताब्यात आल्या. मुलगा निलेश सकाळी जातो तो रात्री उगवतो. सून श्वेता अंधेरीला विम्याच्या ऑफिसात, ती साडेसहाला येते. साडेबाराला शाळा सुटते. जेवण, काकांची डुलकी, आणि मग तीन ते पाच दोघं बाल्कनीत बसतात. काय करतात ते त्यांचं त्यांना माहीत. आमच्या घरी फक्त हसण्याचा आवाज येतो, कधी तिचा, कधी त्यांचा, आणि बऱ्याचदा कोणाचा ते ओळखू येत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेच्या डायरीत टीचरची चिठ्ठी आली. स्वरदाला बेरीज उत्तम येते, वजाबाकी अजिबात येत नाही, घरी सराव घ्यावा. सोबत तिचा कागद होता. पाच वजा दोन, उत्तर पाच. सात वजा तीन, सात. चार वजा एक, चार. असा अख्खा कागद. अक्षर मात्र झकास.

"ती मायनसचं चिन्ह बघतच नाही," श्वेता म्हणाली. मी तेव्हा तिथेच होतो. परबांकडे चहाला बोलावलं की जेवूनच यावं लागतं. "बाबा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक क्लास आहे. खास अशाच मुलांसाठी. तीन ते पाच. एक तारखेपासून नवीन बॅच आहे, मी विचारून आले."

तीन ते पाच म्हटल्यावर काकांच्या हातातला लाडवांचा डबा जागच्या जागी थांबला. म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"माका आठ दिवस दी," ते म्हणाले. काका गडबडले की मालवणी बोलतात. "मी शिकवतंय तिका. वजाबाकी म्हणजे काय मोठासा?"

श्वेता वाईट नाही हो. दोन गाड्या बदलून दमून घरी आलेली बाई आहे आणि डायरीतली चिठ्ठी तिच्या नावाने येते. ती म्हणाली, "ठीक आहे. शनिवारपर्यंत. शनिवारी मी घरी आहे, मी स्वतः तिला पाच वजाबाक्या घालीन. पाचही जमल्या तर क्लास नाही. एक जरी चुकली तरी एक तारखेपासून क्लास, आणि तुम्ही रुसायचं नाही."

"मी कशाला रुसू?" असं म्हणून काका लगेच रुसले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

मी मागोमाग गेलो. ते पार्कच्या डोंगराकडे बघत होते. "सुबोध, तुला सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले, "आधी हा क्लास. मग ड्रॉइंग. मग ते उड्या मारायचं असतं ते. पोर एकदा क्लासच्या पंगतीत बसली की उठत नाय. आणि मग मी तीन ते पाच काय करू? ही भिंत बघू?"

सोमवारी तीन वाजता मला निरीक्षक म्हणून बोलावणं आलं. निलेशने आदल्या दिवशी बापाच्या फोनवर वजाबाकीचे व्हिडिओ पाठवले होते, ते काकांनी नापास केले होते. "ती बाई पाच सफरचंदं ठेवते, दोन उचलते आणि टोपलीत टाकते. खात कोणच नाय. असल्या शिकवण्यात काय चव?" त्यांनी चव असलेली पद्धत काढली होती. चटई, चटईवर ताटली, ताटलीत दिवाळीतले पाच शंकरपाळे. डाव्या कुशीत डबा.

"मोज गो चेडवा."

स्वरदाने मोजले. पाच.

"आता दोन खा."

तिने दोन खाल्ले. सावकाश, नीट चावून. विद्यार्थिनी म्हणून तिच्यात काही कमी नव्हतं.

"हां. मग आता किती उरले?" काकांनी विचारलं. आणि विचारता विचारता, 'किती' आणि 'उरले' या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी, उजवा हात डब्यात गेला, बाहेर आला, आणि ताटलीत टुक टुक असे दोन शंकरपाळे पडले.

स्वरदाने ताटलीत बघितलं. "पाच."

काकांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "बघितलंस? हे असं. काय करायचं हिचं?"

मला वाटलं माझ्याच डोळ्यांची काहीतरी चूक झाली असेल. काकांनी सात मांडले. तीन खायला लावले. "किती उरले?" टुक, टुक, टुक. "सात," स्वरदा म्हणाली. ती बरोबरच होती. मीसुद्धा मोजले.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं? विचारलं तिला."

"विचारताना हाताने काय केलंत?"

त्यांनी हाताकडे बघितलं. तो डब्यात होता.

मी स्वरदाला विचारलं, "शाळेत तर कोणी शंकरपाळे देत नाही. तिथे पाचातून दोन गेले तर पाच कसे?"

"गेले तर गेले," ती मला समजावत म्हणाली. माझं डोकं जरा मंद आहे असा तिचा सूर होता. "परत येतात ना. आजोबा वाढतो."

म्हणजे चिठ्ठी आली ती काही उगाच नाही. ज्या पोरीने गेले तीन महिने रोज दोन वेळा पाहिलं की ताटातलं काही गेलं की ते भरून येतं, तिने दुसरं काय उत्तर लिहावं? तिला वजाबाकी येत नव्हती असं नाही, तिने ती होताना कधी पाहिलीच नव्हती.

काका बराच वेळ हाताकडे बघत राहिले. "पस्तीस वर्षा झाली," ते म्हणाले. "ह्या हाताक थांब म्हणून कोणी सांगलाच नाय."

मंगळवारी डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. काकांनी नवी युक्ती काढली होती. सहा लाडू मांडायचे, त्यातले दोन वाटीत घालून स्वरदाने आमच्याकडे नेऊन द्यायचे, आणि परत जाऊन उरलेले मोजायचे. हात मध्ये येण्याचा प्रश्नच नाही. युक्ती खरंच बिनतोड होती. तिच्यात एकच भोक होतं, ते म्हणजे आमची रत्नप्रभा.

स्वरदा वाटी घेऊन आली. रत्नप्रभेने लाडू काढून घेतले, वाटी धुतली, पुसली, आणि तिच्यात तीन अनारसे घालून परत पाठवली. मी आत जरा आडवा झालो होतो. बाहेर येईपर्यंत समोरून "सात" असा स्वच्छ आवाज ऐकू आला.

"अगं, ती वजाबाकी होती," मी म्हटलं.

"असेल," रत्नप्रभा म्हणाली. "म्हणून काय परबांच्या घरी रिकामी वाटी पाठवू? मला काय वेड लागलंय?"

काकांकडे जाऊन मी बायकोच्या वतीने माफी मागितली. काकांनी ती घेतली नाही. "तिचं बरोबर आहे. रिकामी वाटी नाय परत पाठवायची. गणित चुकलं तरी चालेल, रीत चुकता कामा नाय." मग त्यांना शनिवार आठवला आणि ते स्टुलावर खाली बसले.

बुधवारी सावंतवाडीहून काकींचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नवा नातू होता, त्यामुळे त्या दबक्या आवाजात ओरडत होत्या. "खावच्या वस्तू घेतात कित्याक तुम्ही? कपड्यांचे चिमटे घेवा, चिमटे. चिमटो कोणाच्या पानात वाढतलात?"

काकींचं म्हणणं बिनचूक होतं. दोरीवर आठ चिमटे लावले, काकांनी तीन काढले आणि खिशात टाकले. हात गप्प राहिला. पण स्वरदा दोरीकडे न बघता म्हणाली, "आठ."

"अगो बघ तरी."

"तू परत लावणार ना?"

"नाय लावणार."

ती हसली. आजोबा गंमत करतो हे तिला ठाऊक होतं. ती तशीच वाट बघत उभी राहिली, आणि तिच्या वाट बघण्याकडे बघून काकांनी, मला सांगायलाही त्यांना लाज वाटत होती, तीनही चिमटे परत लावले. संध्याकाळी ते मला लिफ्टपाशी भेटले. "वाट लागली रे," एवढंच म्हणाले.

गुरुवारचा प्रसंग मी स्वतः पाहिला नाही. पण आजोबा आणि नात या दोघांकडून तो मी वेगवेगळा ऐकला आणि तपशील जुळतात, म्हणून सांगतो.

ताटलीत पाच वेलची केळी मांडून दोघं बाल्कनीत बसले होते. आमच्या बाजूला माकडांचं येणं-जाणं असतं. पार्कातून येतात, दुधाच्या पिशव्या बघून जातात, कधी गच्चीवरच्या पापडांचा समाचार घेतात. त्या दिवशी एक माकडीण आली, पोटाला पिल्लू धरून, आणि बाल्कनीच्या कठड्यावर बसली. काकांनी स्वरदाला उचललं, आत घेतलं आणि काचेचं दार लावलं. माकडीण खाली उतरली. तिने केळी नीट बघितली, दोन उचलली आणि पाइपावरून वर निघून गेली.

मग स्वरदाने दार सरकवलं आणि ताटलीपाशी जाऊन उभी राहिली. ती पाइपाकडे बघत होती.

"परत आणून देणार नाही?"

"माकड खय परत देता?"

तिने आणखी थोडी वाट बघितली. पाइपावर काही हललं नाही. मग ती खाली बसली आणि एकेका केळ्यावर बोट ठेवून मोजू लागली. "एक. दोन. तीन." मान वर करून तिने आजोबांकडे बघितलं. हे काहीतरी नवीन आहे आणि ते जरा बरं नाही, असा चेहरा होता. "आजोबा, तीनच राहिली."

त्या वेळी हात का गेला नाही, असं मी काकांना नंतर विचारलं. "गेलेला," ते म्हणाले. "पण डबा आत होता, आणि मी दाराची चौकट घट्ट धरून होतो. घाबरलेलो ना."

साडेतीनच्या सुमाराला आम्हाला समोरून "हुप्प" असा आवाज आला. पाठोपाठ स्वरदाचं किंचाळणं, पण आनंदाचं. मी दार उघडून पाहिलं तर बाळा सखाराम परब, वय वर्षं अडुसष्ट, कमरेला मागे पंचा खोचून स्टुलावर उकिडवे बसले होते. पंच्याचं टोक जमिनीवर लोळत होतं. समोर ताटलीत सात शेंगदाणे.

"आता तीन ने," स्वरदाने हुकूम सोडला.

माकड उतरलं, तीन शेंगदाणे उचलून तोंडात टाकले आणि परत स्टुलावर जाऊन बसलं. ताटली तशीच राहिली. हात तसाच राहिला.

"चार!"

"हुप्प," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. त्या डोळ्यांत मला पस्तीस वर्षांत प्रथमच मोकळा झालेला माणूस दिसला. बाळा परबांना पानातलं काही उचलता येत नव्हतं. माकडाला येत होतं. माकडावर यजमानाची काही जबाबदारी नसते.

त्यानंतर दीड दिवस आमच्या मजल्यावर वजाबाकीचा धुमाकूळ होता. दोरीवरचे चिमटे गेले आणि परत आले नाहीत. जिन्याच्या दहा पायऱ्यांतून चार पायऱ्या खाली उड्या मारून झाल्या. शुक्रवारी सकाळी, स्वरदाची शाळा भरायच्या आधी, मी देवळात जायला निघालो तर दाराबाहेर माझी एकच चप्पल. समोरच्या दाराच्या फटीतून आवाज आला, "दोनातून एक गेली, किती उरली?" मी "एक" म्हटल्यावर दुसरी चप्पल बाहेर आली. शाळेच्या जुन्या कागदावरची सगळी गणितं स्वरदाने शुक्रवारी दुपारी पुन्हा सोडवली. सगळी बरोबर.

संध्याकाळी मी सहज, अगदी सहज, तिला विचारलं, "बरं, पाचातून पाच गेले तर?"

"एक," ती म्हणाली.

मला वाटलं घाईत बोलली. "पाचच्या पाच गेले."

"एक राहतो. माकड एक ठेवतं."

मी काकांकडे बघितलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

स्वरदा आत गेल्यावर मी म्हटलं, "काका, शेवटचा उचलला नाहीत ना एकदाही?"

"कसा उचलू?" ते म्हणाले. "मग पान कोरं पडतं."

मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. ते म्हणाले, "माझं दुसरं वर्ष होतं. गिरगावात लग्न होतं. माणसं जास्त आली आणि शेवटच्या पंगतीला काही उरलं नाय. वीस पानं मांडलेली, पाटावर माणसं बसलेली, आणि पानं कोरी. मुलीचा बाप एकेका पानापुढे हात जोडून उभा राहत होता. मी भांडं घेऊन मागे उभा. भांडंही रिकामं. तेव्हापासून मला ते बघवत नाय. बाकी सगळं चालतं. ते नाय."

"उद्या श्वेता पाचातून पाच घालील?" त्यांनी विचारलं.

"घालेलच," मी म्हटलं. "विम्यातली माणसं शेवटापर्यंतचा विचार करतात."

शनिवारी चार वाजता मी गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण मला घरी बसवत नव्हतं. निलेश पेपर उलटा धरून वाचत होता. श्वेताने परीक्षा अगदी शिस्तीत मांडली होती. पहिली दोन गणितं कागदावर. स्वरदाने जीभ बाहेर काढून सोडवली, बरोबर. तिसरं चिमट्यांचं. चौथं तोंडी: "नऊ पोरं खेळत होती, चार घरी गेली." स्वरदाने बोटं उघडली, मिटली. "पाच. आणि आई, ती आज परत नाही येणार. उद्या येतील."

श्वेताने सासऱ्यांकडे पाहिलं. काका दाराजवळ स्टुलावर बसले होते. आज पंचा नव्हता. माकड नको, साधं विचारणार, असं श्वेताने आधीच सांगितलं होतं. पण डाव्या कुशीत डबा होता. तो कोणी दिला म्हणून विचाराल तर कोणीच नाही, तो असतोच.

"आता शेवटचं," श्वेता म्हणाली. तिने काकांच्या डब्यातले पाच शंकरपाळे घेऊन ताटलीत मांडले. "हे पाच. पाचही खाऊन टाक. मग सांग किती उरले."

स्वरदाने पहिला खाल्ला. दुसरा खाल्ला. निलेशने पेपर खाली ठेवला. चार खाऊन झाले, ताटलीत एक राहिला, आणि ती थांबली. तिने आजोबांकडे बघितलं. काकांची नजर ताटलीवर होती. कपाळावर घाम आला होता. पंख्याखाली बसले होते हो, आणि नोव्हेंबर होता.

"पाचही खा," श्वेता म्हणाली.

स्वरदाने पाचवा उचलला आणि तोंडात टाकला. ताटली स्टीलची होती. तळाला तिच्यात खिडकी दिसत होती.

काकांचा हात निघाला. मला तो दिसला, श्वेताला दिसला. काकांनाही दिसला असावा, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. हात डब्यात गेला, दोन शंकरपाळे घेऊन बाहेर आला, ताटलीच्या वर आला.

आणि स्वरदाने ताटलीवर आपला हात आडवा धरला.

बोटं मिटलेली. फट नाही. हे ती माझ्याकडूनच शिकली असणार. अकरा वर्षं त्या घरात आडवा हात दुसरं कोण धरतंय? तोंडातला शंकरपाळा गिळून ती म्हणाली, "थांब आजोबा. मला आधी मोजायचंय."

हात थांबला. ताटलीपासून वीतभर वर, दोन शंकरपाळ्यांसकट. काकांनी डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू कोणी त्याची पहिल्यांदाच ओळख करून दिली होती.

स्वरदाने हात बाजूला घेतला. ताटलीत वाकून बघितलं. बोट ठेवायला काही नव्हतं. तिने ताटली उचलून तिच्या खालीही बघितलं. मग ती ताटली आईच्या समोर धरून म्हणाली, "काहीच नाही. झीरो."

"शून्य," काका म्हणाले. ते अजून ताटलीकडेच बघत होते. कोरी ताटली, आणि तिच्यामागे साडेपाच वर्षांची पोर खूश होऊन उभी. कोणी हात जोडत नव्हतं. "शून्य हां, चेडवा. बरोबर."

श्वेता फोन उचलत म्हणाली, "त्या क्लासवाल्या मॅडमना मेसेज टाकते, आमचं नाव नको म्हणून." फोनकडे बघता बघताच पुढे म्हणाली, "पण बाबा, पुढच्या वर्षी भागाकार येईल."

"भागाकार?" काका ताठ झाले. "अगो, भागाकार म्हणजे पंगतच. त्यात मी मास्तर."

स्वरदाने ताटली त्यांच्यासमोर धरली. "आता वाढ."

वर थांबलेले दोन शंकरपाळे खाली आले. मग काका उठले, किंचित वाकले, आणि डबा घेऊन ओळीने निघाले. निलेशने हात आडवा धरला. बोटं मिटलेली होती. त्याच्या हातावर तीन आले. श्वेता "नको हो बाबा, खरंच नको" म्हणाली, तिच्या कागदावर चार आले. मी त्यांची विद्या आठवून सरळ उठून उभा राहिलो आणि हात धुवायला निघालो.

दारात माझ्या शर्टाच्या खिशात काहीतरी टुक टुक वाजलं.